ओसरी जोडणे: बेंगळुरू पद्धत

ओसरी हा घराचा असा भाग आहे, की पावसाच्या हिशेबात तो बाहेर असतो आणि महापालिकेच्या हिशेबात आत. मराठीत तिला प्रांताप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे ओटा, पडवी, सोपा, पडसाळ अशी नावे आहेत. कन्नडमध्ये तिला जगली (अनुस्वाराशिवाय वाचावे) किंवा पडसाले म्हणतात. पडसाळ आणि पडसाले, कट्टा आणि कट्टे, अंगण आणि अंगळ अशा जोड्या पाहिल्या की या दोन भाषांची माणसे एकमेकांच्या घरात शिरण्याआधी बराच काळ बाहेरच बसून बोलत असावीत, असा तर्क करायला जागा आहे. ‘व्हरांडा’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर फिरला. ‘पोर्च’ नकाशात असतो, ‘पोर्टिको’ नियमात आणि ‘सिट-आउट’ फ्लॅटच्या जाहिरातीत. वस्तू एकच, पण कोणत्या नावाने अर्ज केला यावर पुढचे वर्ष कसे जाणार हे ठरते, म्हणून नावे आधी नीट समजून घेतलेली बरी.

बेंगळुरूला ओसरी लागते ती हवेमुळे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तर बेंगळुरू ९०० मीटरवर आहे. त्यामुळे पुण्यात मे महिन्याच्या दुपारी ओसरीवर बसणे ही तपश्चर्या ठरते, पण बेंगळुरूत वर्षातले बहुतेक दिवस चारची कॉफी बाहेर घेता येते. एप्रिल २०१६ मध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला, तेव्हा गावाला तो उन्हाळा वाटलाच नाही, विश्वासघात वाटला. अशा हवेत घराच्या पुढे छप्पर असलेली, तीन बाजूंनी उघडी जागा असावी असे कोणालाही वाटेल. जुन्या बेंगळुरूकरांना ते वाटलेही होते आणि त्यांनी ती बांधलीही होती. मग आज ती नव्याने जोडण्याची वेळ का येते, हे कळण्यासाठी आधी जुने घर पाहावे लागते.

बेंगळुरूत ‘जुने घर’ म्हणजे साधारणपणे तीन गोष्टी. पहिली, छावणीकडचा बंगला. १८०९ साली इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली आणि पुढे तिच्या भोवती बंगले उठले. त्यांच्या पोर्चवर आणि खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार टोपी असते, तिला ‘मंकी टॉप’ म्हणतात. त्यावर माकडे बसत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. माकडांनी त्यासाठी अर्ज केल्याची नोंद नाही. दुसरी, बसवनगुडी आणि मल्लेश्वरमची घरे. १८९८ च्या प्लेगने पेठेतली दाटी जीवघेणी ठरवली, तेव्हा या दोन वसाहती मोकळ्या हवेसाठी मुद्दाम वाढवल्या गेल्या. मंगळुरी कौले, लाकडी तुळयांवर विटा उभ्या रचून केलेले मद्रास टेरेस, लाल ऑक्साइडची फरशी, आणि पुढे दगडी किंवा लाकडी खांबांची जगली. तिसरी, १९४८ नंतरच्या जयनगरसारख्या वसाहतींतली, ३० बाय ४० किंवा ४० बाय ६० फुटांच्या प्लॉटवरची बैठी घरे. प्लॉटला येथे ‘साइट’ म्हणतात, आणि बेंगळुरूत लग्नाच्या बोलण्यात मुलाच्या पगारानंतर हाच शब्द येतो.

या तिन्ही घरांना ओसरी होती. ती पाडली कोणीच नाही. ती हळूहळू आत ओढली गेली. आधी पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून चिकाचा पडदा आला. मग शेजारच्या गल्लीत सायकल चोरीला गेली आणि ग्रिल बसले. ग्रिलला डासांची जाळी लागली, जाळीवर धूळ बसते म्हणून काचा आल्या, आणि थोरल्याचे लग्न ठरले तेव्हा खोली कमी पडते असे लक्षात येऊन काचांच्या जागी भिंत उभी राहिली. प्रत्येक पायरीला घरच्यांनी एकमताने ‘आता किती सुटसुटीत झाले’ असे म्हटले. मुंबईकराने गॅलरी कोंडली तीही अशीच. फक्त तिथे ते काम एका रविवारात उरकते आणि येथे त्याला तीस वर्षे लागतात.

आपली खोली पूर्वी ओसरी होती का, हे ओळखणे सोपे आहे. जमिनीवर एक गोटी ठेवावी. ती रस्त्याच्या दिशेने घरंगळत गेली तर ती ओसरी. पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून जुन्या गवंड्याने फरशीला दिलेला तो ढाळ असतो, आणि भिंत उठली तरी तो उतरतच राहतो. अशा खोलीत सोफ्याच्या पुढच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या असतात. दुसरी खूण खिडकीची. या खोलीतून आतल्या खोलीत उघडणारी, गजांची, चांगली भक्कम खिडकी असते आणि तिला पडदाही असतो. म्हणजे घर स्वतःकडेच डोकावून पाहते. तिसरी खूण म्हणजे मुख्य दार. कोरीव चौकट, पितळी कडी आणि हळदकुंकू लावलेला उंबरठा हे सगळे घराच्या बरोबर मध्यभागी येऊन पडलेले असते, आणि पाहुणे त्या उंबरठ्याला अडखळून मगच स्वयंपाकघरापर्यंत पोचतात.

त्यामुळे नवी ओसरी जोडण्याचा पहिला टप्पा म्हणजे जुनी ओसरी सापडणे. मंजूर नकाशा असलाच, तर तो अमोनियाच्या वासाचा निळा कागद असतो, लोखंडी कपाटात खरेदीखताच्या खाली. तो घड्यांवर फाटलेला असतो आणि एक घडी नेमकी घराच्या पुढच्या भागावर आलेली असते. तुकडे जुळवले की तिथे ‘व्हरांडा’ असे वळणदार अक्षरांत लिहिलेले दिसते. अडचण इथूनच सुरू होते. कागदावर घराला ओसरी आहेच. तिथे सोफा आहे हे कागदाला माहीत नाही. आता दुसऱ्या ओसरीचा अर्ज केला तर पहिलीचे काय केले, हे सांगावे लागते. सांगितले, तर नवी ओसरी बाजूला राहून जुन्या भिंतीची चौकशी सुरू होते. या पेचाला एकच सरळ उत्तर आहे: भिंत काढून ओसरी परत मोकळी करणे. ते बहुतेक घरांत कोणी मोठ्याने म्हणत नाही, कारण त्या खोलीत आता थोरला राहतो.

दुसरा टप्पा कागदांचा. १९४० साली बांधलेले घर तिथून एक इंचही हललेले नसते, पण त्याचे कार्यालय सारखे हलत असते. तेव्हा सिटी म्युनिसिपालिटी होती. १९४९ मध्ये शहर आणि छावणी एक होऊन कॉर्पोरेशन झाले. त्याची पुढे महानगर पालिके झाली. २००७ मध्ये आजूबाजूची नगरे आणि शंभराहून अधिक खेडी पोटात घेऊन ती ‘बृहत्’ झाली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली तिच्या पाच महापालिका झाल्या. प्लॉट देणारे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड वेगळेच, त्याची जागा १९७६ च्या कायद्याने बेंगळुरू विकास प्राधिकरणाने घेतली. दर बदलाबरोबर फायली एका टेंपोतून दुसऱ्या इमारतीत जातात. घराचा मालक त्यांच्या मागे जातो.

कागदांत मुख्य म्हणजे खाता. मराठी माणसाला हा शब्द ओळखीचा वाटतो आणि तिथेच तो फसतो. आपल्याकडे खाते माणसाचे असते आणि त्यात पैसे असतात. बेंगळुरूत खाता घराचा असतो आणि त्यातून पैसे जातात. तो मालमत्ताकराच्या नोंदवहीतला उतारा आहे. मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हे वकील सांगतात, आणि तो नसेल तर बाकीचे पुरावे निरुपयोगी, हे कारकून सांगतो. सातबाराविषयी आपले तलाठी आणि आपले वकील हेच बोलत आले आहेत, तेव्हा सीमेपलीकडे आल्याचा परकेपणा फार टिकत नाही. खात्याचे दोन वर्ण आहेत, ‘अ’ आणि ‘ब’. शेतजमीन रीतसर बिगरशेती न करता पाडलेल्या प्लॉटांची किंवा मंजुरीविना बांधलेल्या मिळकतींची नोंद ‘ब’ वहीत होते. ‘ब’ खाताधारकाकडून कर घेतला जातो. नकाशा मंजूर करण्याचा विषय निघाला की तो ‘ब’ आहे हे सर्वांना आठवते. ऑक्टोबर २०२४ पासून खाता संगणकावर आला, त्याला ई-खाता म्हणतात. संगणकाला इनिशियल आधी हवे असते आणि मराठी माणसाचे आडनाव शेवटी असते, त्यामुळे एका घराला तीन मालक निघतात: खरेदीखतातला, करपावतीवरचा आणि पडद्यावरचा. तिघेही एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र मग त्यांपैकी एकाने करायचे असते.

मागील मालकांची साखळी दाखवणारे सर्वांत जुने खरेदीखत, त्याला येथे ‘मदर डीड’ म्हणतात, तेही मागतात. किती मागे जायचे हे वकिलाच्या स्वभावावर अवलंबून आहे. फार मागे न गेलेले बरे, कारण सगळ्या गावाचाच मूळ व्यवहार निर्वेध नाही. १६३८ मध्ये बेंगळुरू विजापूरकरांनी घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे व्यंकोजीराजांचे बस्तान तंजावरला बसले, इतक्या दूरची मिळकत सांभाळणे परवडेना, आणि त्यांनी ती म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना ३ लाख रुपयांना द्यायचे ठरवले. ताबा देण्याआधीच, १६८७ मध्ये, मोगलांचा कासिमखान गावात शिरला. शेवटी चिक्कदेवराजांनी गाव मोगलांकडून मिळवले. रक्कम तेवढीच, ३ लाख, असे सांगतात. विकणारा एक, ताबा दुसऱ्याचा, आणि खरेदीदार शांतपणे तेवढेच पैसे घेऊन तिसऱ्या दारात उभा. बेंगळुरूत जमिनीचे व्यवहार कसे होतात, हे समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण नंतरच्या सव्वातीनशे वर्षांत घडलेले नाही.

कागद जमले की तिसरा टप्पा, नियम. शहराच्या वाढीचे नियमन ज्या बृहत् आराखड्याने होते त्याचे नाव ‘२०१५’ असे आहे. तो २००७ मध्ये मंजूर झाला. २०१७ मध्ये ‘२०३१’ चा मसुदा आला आणि मागे घेतला गेला, त्यामुळे २०१५ संपून दहा वर्षे झाली तरी शहर कागदोपत्री २०१५ च्याच तयारीत राहिले. या आराखड्याच्या नियमावलीत घराभोवती किती जागा मोकळी सोडायची हे प्लॉटच्या मापावरून ठरते. या मोकळ्या पट्ट्याला ‘सेटबॅक’ म्हणतात. वारा, उजेड आणि अग्निशामक दलाचा माणूस यांच्यासाठी तो राखलेला असतो. प्रत्यक्षात त्यात पाण्याची मोटर, जुन्या कुंड्या, गॅसची टाकी आणि मोडलेला पाळणा असतो, पण यांतली कोणतीच वस्तू बांधकाम नसल्यामुळे कायद्याची हरकत नाही.

ओसरी मात्र बांधकाम आहे, आणि ती नेमकी याच पट्ट्यात यायला बघते. नियमावली यावर गप्प नाही. बाजूच्या सेटबॅकमध्ये तळमजल्यावर पोर्टिको करता येतो: जास्तीत जास्त ३ मीटर रुंद, ४.५ मीटर लांब, जोत्यापासून किमान २.१ मीटर उंच. तो ज्या बाजूला ३ मीटरहून जास्त जागा मोकळी आहे तिथेच. तो अधांतरी असला पाहिजे, म्हणजे एका बाजूने घरातून निघालेला आणि दुसऱ्या बाजूला खांब नसलेला. आणि पोर्टिकोच्या माथ्यावर बसायला जाण्यासाठी वाट ठेवायची नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिले आहे.

ही शेवटची अट दोनदा वाचण्यासारखी आहे. कायदे करणाऱ्याला माणसाची ओळख होती. ३ बाय ४.५ मीटरचा सपाट, उघडा, रस्त्याकडे तोंड असलेला स्लॅब दिसला की बेंगळुरूकर त्यावर खुर्ची टाकणार, कॉफी मागवणार आणि खालून जाणाऱ्याला हाक मारणार, हे त्याने आधीच ओळखले. खाली मोटार उभी राहू शकते. वर माणूस बसू शकत नाही. मोजमापे पाहिली तर ती मोटारीचीच आहेत. बाल्कनीला परवानगी आहे, पण पहिल्या मजल्यापासून वर: तिथे ती १.१ मीटर किंवा सेटबॅकच्या एक तृतीयांश, यांत जे कमी असेल तेवढीच पुढे येऊ शकते. तळमजल्याला बाल्कनी नाही. थोडक्यात, जमिनीवर बसण्यासाठी पुढे आलेली जागा हा प्रकार नियमावलीत सापडत नाही. वर लटकण्यासाठी आहे आणि खाली गाडी लावण्यासाठी आहे.

यातले अंकगणित करून पाहिले पाहिजे. ३० फूट म्हणजे ९ मीटरला थोडे वर. त्यात एका बाजूला ३ मीटरहून जास्त जागा मोकळी सोडायची म्हणजे रुंदीचा तिसरा हिस्सा वाऱ्याला द्यायचा. ३० बाय ४० च्या साइटवर असा उदार गृहस्थ आढळत नाही. तिथे तीन मजले, दोन भाडेकरू आणि गच्चीवर एक ब्रह्मचारी राहतो. ती जागा असते फक्त जुन्या, बैठ्या, ऐसपैस घरांपाशी. म्हणजे नियम ज्यांना लागू पडतो ती हीच घरे, आणि इथे चौथा टप्पा येतो, ज्याला अभियंता म्हणतात.

अभियंता येतो, भिंतीवर बोटाने टकटक करतो आणि मान हलवतो. अधांतरी स्लॅब हवेत उभा राहतो तो मागच्या वजनाच्या जोरावर. त्याच्या सळया घरातल्या तुळईत किंवा स्लॅबमध्ये खोलवर गेलेल्या असाव्या लागतात. मागून धरणारे कोणी असेल तरच पुढे झुकता येते. जुन्या घरात तुळई नाही, कॉलम नाही. तिथे चुन्यात किंवा मातीत बांधलेली दीड फुटी भिंत आहे आणि वर लाकडावर तोललेले मद्रास टेरेस. ही भिंत वरून येणारे ओझे शंभर वर्षे निमूट सोसते, पण तिला कोणी बाहेर ओढले तर ती ओढली जाते. थोडक्यात, नियम सांगतो खांब नको, आणि भिंत सांगते खांबाशिवाय जमणार नाही. खांब दिला की पोर्टिको अधांतरी राहत नाही. तो जमिनीवर उभा राहिलेला मोकळ्या पट्ट्यातला मांडव होतो आणि नियमाबाहेर जातो. बेंगळुरूच्या जुन्या घरांना पुढे ओसरी का दिसत नाही, याचे निम्मे उत्तर या एका खांबात आहे.

अनुभवी मेस्त्री यातून मार्ग काढतो. मेस्त्री म्हणजे आपला मिस्त्री, फक्त तो फूटपट्टीपेक्षा वितीवर जास्त विश्वास ठेवतो. त्याचा सल्ला असा, की जुन्या घराला हातच लावू नये. चार बारीक लोखंडी खांब, वर हलकी चौकट, त्यावर मंगळुरी कौले. घराची भिंत आणि नवे छप्पर यांत बोटभर फट आणि तिच्यावर पत्र्याची पट्टी. तांत्रिकदृष्ट्या हा सल्ला उत्तम आहे. जुने घर बसायचे तेवढे बसून स्थिर झालेले असते, नवा पाया मात्र पहिल्या दोन पावसाळ्यांत अजून बसत असतो. दोघांना घट्ट बांधले तर सांध्यावर भेग पडते आणि ती भेग कोणत्याही लांबीने भरत नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तर आतली ओल आतच राहते आणि रंगाचे पोपडे निघतात, हेही मेस्त्रीला ठाऊक असते. पायासाठी तो ‘साइज कल्लु’ मागवतो, म्हणजे घडीव दगड, आणि काँक्रीटसाठी ‘जेली’. नव्याने आलेला मराठी मालक हा शब्द ऐकून गोंधळतो. बेंगळुरूत खडीला जेली म्हणतात. कौलांबद्दल मात्र कोणाचे दुमत नसते. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढल्यापासून ती सगळ्या किनाऱ्यावर आणि घाटावर गेली, आणि बेंगळुरूच्या पावसाला ती मानवतात. मेस्त्रीचा सल्ला नियमात बसतो का, या प्रश्नावर तो म्हणतो, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर.”

‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणजे थोडे सांभाळून घ्या. बसमध्ये तिसऱ्याला सरकून जागा देण्यापासून सेटबॅकमध्ये चार इंच पुढे येण्यापर्यंत सर्वत्र हे वाक्य चालते. ‘स्वल्प’ हा शब्द संस्कृत असल्यामुळे त्याचे माप निश्चित असेल असे मराठी माणसाला वाटते. ते शेजाऱ्यागणिक बदलते.

यानंतर किरकोळ परवानग्या येतात; त्या किरकोळ असतात एवढेच त्यांचे साम्य. अंगणातला आंबा किंवा फणस आड येत असेल तर १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी, झाड स्वतःच्या कुंपणात असले तरी. पण फणसाला फळे लागलेली असतील तर घरातली ज्येष्ठ मंडळी अर्ज करूच देत नाहीत, आणि ओसरी फणसाला वळसा घालून जाते. रस्त्यावरची विजेची तार कमी दाबाची असेल तर बांधकाम तिच्यापासून आडवे १.२ मीटर आणि खाली उभे २.५ मीटर लांब लागते. बेंगळुरूच्या जुन्या गल्ल्यांत तारेलाच झोक असल्यामुळे हे माप कोणत्या वाऱ्याला घ्यायचे, असा प्रश्न पडतो. छपरावरचे पाणी रस्त्यावर सोडायचे नाही. २४०० चौरस फूट आणि त्याहून मोठ्या साइटवरच्या जुन्या घरांनाही २००९ पासून पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय सक्तीची आहे. वास्तुशास्त्राचा सल्लागार ओसरी ईशान्येला मागतो. रस्ता पश्चिमेला असतो. हा वाद इतर सर्व वादांपेक्षा लवकर मिटतो, कारण रस्ता हलत नाही.

अर्ज कसा जातो, तेही पाहू. पूर्वी नगररचना विभागाच्या टेबलावर गुंडाळी ठेवावी लागे. आता तो संगणकावरून जातो. २०२४ मध्ये ‘नंबिके नक्षे’ ही योजना आली. नंबिके म्हणजे विश्वास. ५० बाय ८० फुटांपर्यंतच्या निवासी साइटचा नकाशा नोंदणीकृत वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने स्वतःच्या सहीवर चढवायचा आणि तात्पुरती मंजुरी लगेच घ्यायची. अधिकारी नंतर तपासतात. विश्वास आधी, तपासणी मागून, हा क्रम नवा आहे आणि नव्या घरांना तो सोयीचा पडला. जुन्या घराचे मात्र कोणतेच माप नकाशाशी जुळत नाही, कारण भिंती गवंड्याच्या वितीने घातलेल्या. संगणक आयत मागतो, आणि घर एका कोपऱ्यात सहा इंच जास्त असते. मग मालकाला प्रत्यक्ष कार्यालयात जावे लागते.

इथे बेंगळुरूच्या एका जुन्या हकिकतीचा संबंध येतो. १९९० च्या दशकात गावात एक अफवा पसरली होती, की एका बाईचे भूत रात्री दार ठोठावते. उपाय म्हणून लोकांनी दारांवर ‘नाळे बा’ असे लिहिले, म्हणजे ‘उद्या ये’. भूत वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते. पुढे हिंदीत त्यावर ‘स्त्री’ हा चित्रपट निघाला. ज्या ओसऱ्या तोवर उघड्या होत्या, त्यांच्या खांबांवरही ही अक्षरे खडूने लिहिलेली असत. भूत साक्षर आणि आज्ञाधारक असते, हे या उपायात गृहीत धरले होते. कार्यालयातही हाच उपाय चालतो, फक्त भाषा सभ्य आहे. भुताला ‘नाळे बा’, नागरिकाला ‘नाळे बन्नि’: उद्या या. आदरार्थी क्रियापदामुळे माणूस विरघळतो आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच जातो.

बरेच लोक यापुढे जात नाहीत. ते आधी बांधतात आणि नंतर नियमित होण्याची वाट पाहतात. या वाटेलाही नाव आहे, ‘अक्रम-सक्रम’. अक्रम म्हणजे बेकायदा, सक्रम म्हणजे रीतसर. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे आणि तेवढ्यासाठी दंड भरायचा, अशी ही योजना. २०१४ च्या नियमांत निवासी बांधकामाला ५० टक्क्यांपर्यंतचे आणि व्यापारी बांधकामाला २५ टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन माफ होण्यासारखे होते. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजनेला स्थगिती दिली. तेव्हापासून शहरातल्या कित्येक ओसऱ्या अ आणि स या दोन अक्षरांच्या मध्ये उभ्या आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकाने यावर हसू नये. गुंठेवारी नियमित करण्याचा आपला कायदा २००१ चा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावले, की भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाण्याच्या जोडण्या देऊ नयेत. त्यामुळे ओसरीत एक पंखा आणि एक दिवा हवा असेल तर तो आतल्या बोर्डावरून वायर ओढून घेतात, आणि ती वायर त्या गजांच्या खिडकीतून येते. इतक्या वर्षांनी त्या खिडकीला काम मिळते.

हे सगळे पार पडून ओसरी उभी राहिलीच, तर तिचा उपयोग काय होतो? पहिल्या आठवड्यात घरातले सगळे तिथे बसतात. मराठी घर असेल तर तुळस पुढे येते, झोपाळ्याच्या कड्या कुठे अडकवायच्या यावर चर्चा होते आणि हलक्या चौकटीला झोपाळा पेलणार नाही, असे मेस्त्री सांगून जातो. दुसऱ्या आठवड्यात चपलांचे कपाट बाहेर येते, कारण ‘ते बाहेरच बरे’. मग वीस लिटरच्या पाण्याचे दोन बाटले, इस्त्रीवाल्याचे गाठोडे, कुरियरची खोकी आणि धाकट्याची स्कूटर. स्कूटरला पाऊस लागू नये, हा मुद्दा सर्वांना पटतो. वर्षअखेरीस रस्त्यावर गाडी लावायला जागा उरत नाही, तेव्हा मोटार आत घेतली जाते. पोर्टिकोची मापे मोटारीला बरोबर बसतात, हे तोवर लक्षात आलेले असते. एखाद्या घरात पावसाचे शिंतोडे मोटारीवर येतात म्हणून चिकाचा पडदाही लावतात.

बसायची जागा मात्र लागतेच. ती ज्यांना खरोखर हवी आहे, त्यांच्यासाठी नियमावलीत एक मोकळीक आहे: सेटबॅकमध्ये बांधकाम चालत नाही, पण उचलून नेता येणारी वस्तू बांधकाम नसते. बाजूच्या पट्ट्यात, मोटर आणि मोडका पाळणा सरकवून, फणसाच्या सावलीत एक खुर्ची मांडली तर तिला खाता, नकाशा, खांब यांपैकी काही लागत नाही, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला हाकही मारता येते. एवढेच ध्यानात ठेवावे, की बेंगळुरूत पाऊस बहुधा संध्याकाळी, कॉफी ओतल्यावरच येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो सर्वांत जास्त असतो. तेव्हा खुर्ची हलकी घ्यावी.